खाडाखोडीवर सही

देशावर कर्ज किती झालं याची काळजी दिल्लीत कोणी करत असेल-नसेल, मला ठाऊक नाही. पण आमच्या तालुक्याच्या गावात ती एक माणूस एकट्याने करत असे, आणि अकरा वर्षं मी त्याच्या घरात भाड्याने राहिलो. हा माणूस म्हणजे माझे घरमालक, साऱ्या गावाचे भाऊ. सरकारी तिजोरीची तालुक्याला जी धाकटी पाती असते, त्या उपकोषागारात त्यांनी लेखापाल म्हणून सारी नोकरी काढली. सगळ्या खात्यांची बिलं त्यांच्या टेबलावरून जायची: मास्तरांचे पगार, दवाखान्याची औषधं, जंगल खात्याच्या रोपांचे पैसे. बिल बरोबर असलं तर पास, नसलं तर लाल शाईने आक्षेप लिहून परत. निवृत्तीनंतर टेबल गेलं, खुर्ची गेली, शिपायाने आणलेला चहा गेला. लाल पेन मात्र खिशात राहिलं. पूर्वी त्याला फक्त सरकारी कागद मिळायचे, आता सगळं जग मोकळं झालं.

खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, पाहुणे किती येतात तेही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "मास्तर, टॅक्स कटते का तुमचा?" मी म्हणालो, "कटतो ना भाऊ, पगारातूनच." त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा मंग. आपली भागीदारी हाये." कसली भागीदारी ते मला पुढे कळलं. पहिलं भाडं दिलं तेव्हा पावतीवर सही करताना मी तारीख चुकलो आणि आकडा गिरवून दुरुस्त केला. भाऊंनी लाल पेन काढून त्या आकड्याभोवती गोल केला आणि कागद माझ्याकडे परत सरकवला. "खाडाखोडीवर सही करा." मी हसलो, ते हसले नाहीत. "सही असली तं लोकं चूक म्हनतेत. सही नसली तं चोरी म्हनतेत." घरमालक आणि भाडेकरू समोरासमोर बसलेले, मध्ये चहाचे कप, यात चोरी करणार कोण आणि कोणाची? पण मी सही केली. पुढे अकरा वर्षं करत राहिलो. आता शाळेत फळ्यावर अक्षर चुकून पुन्हा लिहिलं तरी हात आपोआप बाजूला सही करायला जातो आणि पोरं खुदखुदतात.

आक्षेपातून कोणी सुटत नसे. लग्नपत्रिका आली की भाऊ चष्मा लावून ती आधी तपासायचे आणि मगच लग्नाला जायचं की नाही ते ठरवायचे. एका पत्रिकेत जेवणाची वेळ मुहूर्ताच्या आधीची छापली गेली होती. भाऊंनी समासात 'क्रम तपासावा' असं लिहून ती वधूपित्याकडे परत धाडली. वधूपिता बिचारा दुसऱ्या दिवशी हाताने दुरुस्त केलेली आणि दुरुस्तीवर सही केलेली पत्रिका घेऊन हजर झाला, कारण गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे कागद भाऊंनीच लावून दिले होते आणि त्याबद्दल कोणाच्या घरचा चहासुद्धा दुसऱ्यांदा घेतला नव्हता. घरात त्यांच्या पत्नी होत्या, त्यांना सगळं गाव बाई म्हणतं. बाई किराण्याची यादी करायच्या आणि भाऊ ती मंजूर करायचे. एकदा त्यांनी यादीतल्या जवसाच्या तेलापुढे 'मागील शिल्लक किती?' असा शेरा मारला. बाईंनी त्या दिवशी वांग्याची भाजी बिनतेलाची केली आणि ताट पुढे ठेवत म्हणाल्या, "शिल्लकच पाहून राह्यली होती मी. जेवा आता." तेलावरचा आक्षेप त्याच पंगतीत मागे घेतला गेला. तसा मागे घेतलेला आक्षेप मी पुढे एकदाच पाहिला, त्याचीच ही गोष्ट आहे.

सरकारी म्हणून जे जे काही असतं ते भाऊंना स्वतःचं वाटे. आपल्याकडे सरकारी म्हणजे कोणाचंच नाही असा अर्थ करतात, त्याच्या बरोबर उलट. भर दुपारी रस्त्यावरचा दिवा जळताना दिसला की ते बांबू घेऊन निघायचे आणि बटण खाली पाडूनच परतायचे. तहसील कचेरीत कोणी नसलेल्या खोलीत पंखा फिरत असला तर आत जाऊन बंद करायचे. एका नव्या शिपायाने त्यांना हटकलं, "ओ भाऊ, कोन तुमी?" भाऊ शांतपणे म्हणाले, "ज्याच्या पैशानं हा पंखा फिरून राह्यला, तो." शिपायाला वाटलं जिल्ह्याहून कोणी साहेब आले, त्याने उभं राहून नमस्कार केला आणि भाऊंनी तो घेतला. किराणा दुकानात ते बिस्किटाचा पुडा घेतला तरी पक्कं बिल मागत. त्या बिलावर केंद्राचा कर किती, राज्याचा किती, ते वाचून दाखवत आणि मग पुडा फोडत. दुकानदार त्यांना येताना पाहून पोराला गल्ल्यावर बसवून मागच्या गोदामात मोजदाद करायला जायचा. घरपट्टीची मागणी निघाली की पहिली पावती यांचीच. त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. ग्रामसेवक म्हणायचा की लोक दारात पाहून दार लावतात, हे एकच घर असं की जिथे मला पोहे मिळतात.

त्यांचा एक मेहुणा घुग्घुसला कोळशाच्या खाणीत होता. तिथे भाऊ वर्षातून एकदा राहायला जायचे आणि परत आले की महिनाभर खुशीत असायचे. घुग्घुसला लोक खोकत जातात आणि खोकत येतात. कोळशाची नि सिमेंटची धूळ, ट्रकांची रांग, पाळी सुटली की मोटारसायकलींचा लोंढा. भाऊ मात्र मुख्य रस्त्यावरच्या एका चहाच्या टपरीवर नाकाला रुमाल बांधून सकाळभर बसत आणि कोळशाचे ट्रक मोजत. मी विचारलं, "भाऊ, यात बघण्यासारखं काय आहे?" ते म्हणाले, "साऱ्या जन्मात मी सरकारचे पैसे जातानाच पाह्यले, मास्तर. तिथं येताना दिसतेत." एकेका ट्रकमागे सरकारच्या पदरात काय पडत असेल याचा हिशेब करत हा माणूस धूळ खात बसायचा आणि समुद्रकिनारी जाऊन आल्यासारखा ताजातवाना होऊन यायचा.

पण त्यांचा खरा घोर होता तो कर्जाचा. वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते, देशावर एकूण कर्ज इतकं आणि माणशी भागलं तर प्रत्येकाच्या डोक्यावर इतकं. आपण ती वाचतो आणि शेजारचं राशिभविष्य बघतो. आकडा मी इथे देत नाही, कारण तुम्ही हे वाचाल तोवर तो वाढलेला असेल. भाऊ ती बातमी कापून बिस्किटाच्या डब्यात ठेवत आणि आधीच्या कात्रणाशी ताडून बघत. मग घरातली डोकी मोजत. "आमच्याकडे तीन, वरते तुमच्याकडे तीन." मला धाकटा मुलगा झाला तेव्हा मी पेढे घेऊन खाली गेलो. भाऊंनी पेढा खाल्ला, बाळाच्या टाळूवर हलकेच हात ठेवला आणि म्हणाले, "आता सात. बिचाऱ्यानं अजून डोये नाई उघडले, आन् सही न करता कर्जदार झाला." माझी बायको त्यांच्याशी चार दिवस बोलली नाही.

मी नागरिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे गप्प बसणं मला जमत नाही. मी त्यांना समजावलं की सरकारचं कर्ज म्हणजे सावकाराचं कर्ज नव्हे. त्यातून रस्ते होतात, धरणं होतात, धंदा वाढतो, धंदा वाढला की कर वाढतो, आणि कर वाढला की फेड होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खर्च वाईट नाई, मास्तर. पन ज्याले फेडाचं हाये तो अजून पाळण्यात हाये. त्याले इचारलं कोनं?" पुस्तकात याचं उत्तर कुठल्या धड्यात आहे ते मी अजून शोधतो आहे. एवढं मात्र खरं की हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाने स्वतः उभ्या जन्मात सोसायटीचं कर्ज काढलं नाही, हातउसने घेतले नाहीत, आणि शेजारून विरजण आणलं तरी संध्याकाळी वाटी भरून परत केली.

मार्च महिना आला की त्यांचं चित्त थाऱ्यावर नसे. आमच्याकडे मार्चमध्ये मोह गळायला लागतो. जंगलात मोहफुलं आणि कचेऱ्यांत बिलं, दोन्ही एकाच महिन्यात टपाटप पडतात. एकतीस मार्चला सरकारी वर्ष संपतं आणि तोवर न उचललेले पैसे परत जातात, म्हणून वर्षभर झोपलेली खाती त्या महिन्यात जागी होतात. नको तिथे खुर्च्या येतात आणि असलेल्या भिंतीला पुन्हा रंग लागतो. नोकरीत असताना भाऊंचं लाल पेन सर्वांत जास्त चालायचं ते याच महिन्यात. निवृत्त झाल्यावर ते एकतीस मार्चला नुसते अंगणात येरझाऱ्या घालत. आणि संध्याकाळी घरखर्चातून उरलेले पैसे पाकिटात घालून, वर 'अखर्चित' असं लिहून बाईंच्या हाती देत. बाई ते पाकीट घेत आणि दुसऱ्या दिवशी त्याच पैशाचं तिखट-हळद आणत.

त्या येरझाऱ्यांमागे दुसरंही काही होतं, हे मला त्यांच्या प्रणालीच्या लग्नाच्या वेळी कळलं. प्रणाली त्यांची एकुलती एक लेक. तिने स्वतःच मुलगा पसंत केला होता. मुलगा चांगला, शिकलेला, घरची धानाची शेती करणारा. अडचण एकच. त्याचं गाव म्हणजे मोठ्या नाल्यापलीकडचा टोला, चाळीस-पन्नास घरांचा. नाल्यावर नुसता रपटा, पाण्यातून जायचा बुटका दगडी रस्ता. पावसाळ्यात चार-चार दिवस पाणी त्याच्यावरून वाहायचं आणि टोला तुटायचा. बाई म्हणत होत्या, पोट्टी तिथे द्यायची नाही. भाऊ मुलाचं घर बघायला गेले आणि त्यांनी मुलाच्या वडिलांना एकच प्रश्न विचारला, "घरपट्टी थकली का?" वडिलांनी आतून पत्र्याची पेटी आणून आजोबांच्या काळापासूनच्या साऱ्या पावत्या पुढे ठेवल्या. भाऊंनी त्या तासभर चाळल्या, एकीवरही आक्षेप निघाला नाही, आणि सोयरीक जुळली. त्या रात्री बाई माझ्या बायकोजवळ रडल्या. "त्या नाल्यावर पूल होनार होता," त्या म्हणाल्या, "ह्यांनीच परत पाठोला."

गोष्ट अशी होती. प्रणाली शाळेत असताना त्या नाल्यावर पूल मंजूर झाला होता. पैशाचं बिल भाऊंच्या टेबलावर आलं ते नेमकं एकतीस मार्चला, कचेरी बंद व्हायला तास उरला असताना. बिलात एक आकडा गिरवलेला होता, आणि गिरवलेल्या आकड्यावर सही नव्हती. सही करणारे साहेब जिल्ह्याच्या गावी. बिल घेऊन आलेला कारकून हात जोडून म्हणाला, "भाऊ, साहेब उद्या सही करतेत, आज पास करून द्या." भाऊंनी लाल पेनाने आकड्याभोवती गोल केला आणि बिल परत केलं. वर्ष संपलं, पैसे परत गेले. पुढल्या वर्षी ते दुसऱ्याच कामाला लागले, आणि पूल यादीतून जो खाली गेला तो वर आलाच नाही. नियमाने भाऊंचं काही चुकलं नव्हतं, उलट वरून शाबासकीचं पत्र आलं होतं. ते पत्र त्यांनी कात्रणांच्या डब्यात तळाशी ठेवलं होतं, उपडं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी प्रणालीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आठव्या महिन्यात तिला घेऊन यायचं ठरलं होतं. भाऊंनी तारखेसकट वहीत लिहून ठेवलं होतं. पण त्या तारखेच्या पाच दिवस आधीच पावसाने झोडपायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या दिवशी रात्री टोल्याच्या टेकडीवरून तिथल्या आशा कार्यकर्तीचा फोन आला. "भाऊ, पोरीचं पोट दुखून राह्यलं. टाइम दिसत नाई." पुढे रेंज गेली. दुसऱ्या दिवशी उजाडताच भाऊ माझ्या मोटारसायकलवर मागे बसले, आणि आम्ही नाल्यावर पोचलो तेव्हा रपटा कुठे होता तेही दिसत नव्हतं. गढूळ पाणी, त्यात आडवीतिडवी वाहून जाणारी झाडं, आणि अलीकडे उभी दवाखान्याची गाडी. तिला पलीकडे जाता येत नव्हतं, प्रणालीला अलीकडे येता येत नव्हतं. भाऊ छत्री मिटून पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांना गाडीत बसा म्हटलं, ते ऐकत नव्हते.

दुपारपर्यंत आम्ही तिथेच होतो. मग पलीकडच्या काठावर जावई दिसले. ते ओरडत होते, पण पाण्याच्या आवाजापुढे शब्द येत नव्हता. त्यांनी हातातलं सूप दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलं. भाऊंनी माझा दंड असा धरला की चार दिवस तिथे वळ होता. "सूप रिकामं काऊन हाये, मास्तर? रिकामं काऊन हाये?" तेवढ्यात जावयांनी सूप खाली ठेवलं आणि दोन बोटं वर केली. गाडीचा चालक मागून आला. पावसाळ्यात त्याचं अर्धं आयुष्य नाल्यांच्या काठी गेलेलं. "भाऊ, बसा खाली," तो म्हणाला, "सूप दाखोलं म्हंजे बाळ झालं. बाळाले सुपातच घालतेत ना पहिले. आन् दोन बोटं म्हंजे माय-लेकरू दोन्ही बरे. इकडं पानी असलं का असंच सांगतेत." भाऊ चिखलातच बसले.

त्यांनी मिटलेली छत्री मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "आक्षेप बरोबर होता, मास्तर. गिरवागिरव होती, सही नव्हती. आजबी तसं बिल आलं तं परत करीन." मी म्हणालो, "हो भाऊ." पाण्याकडे बघतच ते पुढे म्हणाले, "पन पोट्टीले काई झालं असतं, तं तो आक्षेप मी कोठं लिहिला असता?" खरं सांगायचं तर सकाळपासून मला या माणसाचा मनातून राग आला होता. एका सहीपायी पन्नास घरं अडकवून ठेवणारा म्हातारा, असं मी त्यांना मनातल्या मनात म्हटलंही होतं. पण त्या चिखलात बसलेल्या, चष्म्यावर पाणी साचलेल्या माणसाची मला इतकी माया आली की मी त्यांच्याशेजारी बसलो आणि माझी एकमेव चांगली पँट कायमची गेली.

नात झाली होती. पाणी उतरल्यावर बारसं टोल्यावरच झालं. लोकांनी कुंची, पैंजण, झबली आणली. भाऊंनी पाकीट आणलं. प्रणालीला वाटलं बाबांनी रोख आहेर केला. उघडलं तर आत डोक्यावरच्या कर्जाचं ताजं कात्रण आणि तेवढीच रक्कम. "हे तिच्या वाट्याचं," भाऊ म्हणाले, "उद्या भरून टाकतो. पोट्टी मोकळी." दुसऱ्या दिवशी ते आपल्याच जुन्या कचेरीत पोचले आणि सोबत मला साक्षीदार म्हणून नेलं. तिथे आता सगळं संगणकावर. तरुण लेखापालाने आदराने खुर्ची दिली आणि विचारलं, "भाऊ, पैसे कोन्या लेखाशीर्षात जमा करू?" सरकारात पैसा यायचा तर कुठल्या नावाखाली आला ते लागतंच. संगणकात त्याने सगळी यादी चाळली. दारूचा कर होता, दंड होता, पडलेल्या झाडांचा लिलाव होता. देशाच्या कर्जातला आपला वाटा फेडण्यासाठी नागरिकाने आणलेली रक्कम, असं कुठेच नव्हतं. पोरगा भला होता. म्हणाला, "इतर जमा म्हनून घेऊन टाकतो ना, भाऊ." भाऊंचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. "इतर? चुकीच्या शीर्षात पैसे घेतोस? नोकरी जाईन तुही." आणि या गृहस्थांनी स्वतःच भरलेल्या चलनावर स्वतःच आक्षेप लिहिला, 'लेखाशीर्ष नमूद नाही', ते स्वतःलाच परत केलं आणि पैसे घेऊन बाहेर आले.

शेवटी ते पैसे पोस्टात नातीच्या नावाने ठेवले. पोस्टाच्या पायऱ्या उतरताना माझ्यातला मास्तर पुन्हा जागा झाला. मी म्हणालो, "भाऊ, पोस्टातल्या बचतीचा पैसा सरकारच वापरतं बरं का. व्याज देऊन. म्हणजे आज सरकारने तुमच्या नातीकडून कर्ज घेतलं." ते पायरीवरच थांबले. इतकं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. "म्हंजे देशच आमच्या पोट्टीचा देनेकरी?" वाटेत भेटेल त्याला ते हे सांगत सुटले. किराणा दुकानदार नेहमीप्रमाणे गोदामात पळाला होता, त्यालाही आत जाऊन सांगून आले.

त्यानंतर मात्र नवल झालं. जन्मभर सरकारी खर्चावर लाल गोल काढणारा हा माणूस पुलाच्या मागणीचे अर्ज लिहायला लागला. महिन्याला एक. आणि अर्ज असे की त्यात बोट ठेवायला जागा नाही. तीन प्रती, सगळे ठराव, नकाशे, जुन्या मंजुरीची नक्कल, आणि शेवटी 'खाडाखोड नाही' असं स्वतःच दिलेलं प्रमाणपत्र. कचेऱ्यांतले लोक त्यांना घाबरू लागले, कारण अर्ज परत करायला कारण सापडेना. पुढे कळलं की पूल झालाच तर तो कर्जाऊ पैशातून होणार आहे. भाऊ दोन दिवस जेवले नाहीत. मग त्यांनी देशाच्या लोकसंख्येने पुलाची किंमत भागली आणि माणशी एका पैशाचाही लहानसा तुकडा येतो असं काढलं. संध्याकाळी जिना चढून वर आले. "मास्तर, तुमचे भाऊ पुन्याले हायेत ना? त्याईले सांगा, आमच्या पुलाचं थोडंसं त्याईच्या डोक्यावर चढून राह्यलं. माफी असावी म्हना." मी फोन करून सांगितलं. माझा पुण्याचा भाऊ अजून विचारतो, तुमचा तो माझा पूल कसा आहे?

पूल व्हायला चार वर्षं लागली. तो झाला त्याच वर्षी माझी बदली गोंडपिपरीकडे झाली. सामान बांधायच्या आदल्या रविवारी भाऊ म्हणाले, "चला, पूल पाहून येऊ." उद्घाटन होऊन गेलं होतं, झेंडूच्या माळा सुकल्या होत्या. जावई, प्रणाली आणि नात पलीकडून चालत आले. नाला कोरडा होता, खाली जुना रपटा दिसत होता. पुलाच्या तोंडाशी निळी पाटी होती. त्यावर योजनेचं नाव, कर्जाचा उल्लेख, आणि खर्चाची रक्कम. भाऊ पाटीपुढे थांबले, चष्मा पुसला, पुन्हा लावला. मीही वाचलं. रकमेतला एक आकडा पेंटरने आधी चुकीचा रंगवला होता आणि मग त्याच्यावरच दुसरा रंगवला होता. खालचा आकडा अजून अंधूक दिसत होता. "मास्तर," भाऊ हळूच म्हणाले, "खाडाखोड हाये."

त्यांचा हात खिशात गेला, लाल पेन बाहेर आलं, आणि मला वाटलं आता पाटीवर गोल निघतो. त्यांनी गोल काढला नाही. गिरवलेल्या आकड्याशेजारी ते स्वतःची सही करायला लागले. ज्या माणसाने पस्तीस वर्षांत अधिकार नसताना एक टिंब दिलं नाही, तो सरकारी पाटीवर सही करत होता. पेन त्या गुळगुळीत रंगावर उमटेना. तीनदा केली, तीनदा नुसता ओरखडा. मग ते नातीकडे वळले. तिच्या नखांना लाल नेलपेंट होतं. "बेटा, बाटली देशील का तुही थोडी?" प्रणाली घरून बाटली घेऊन आली, आणि भाऊंनी त्या इवल्याशा कुंचल्याने, जीभ दातांत धरून, पूर्ण नाव नव्हे, फक्त आद्याक्षरं, बिलावर करत तशी छोटी सही केली. दोन पावलं मागे सरून पाहिली. "पास," ते म्हणाले, आणि नातीचं बोट धरून पुलावरून चालायला लागले.

मी आता तिथून लांब असतो. भाऊंचं वय झालं आहे, पत्रातलं अक्षर हलतं, पण माझ्या पत्रातल्या चुकांभोवती लाल गोल करून ते पत्र अजून परत येतं आणि मी सह्या करून पुन्हा पाठवतो. मागच्या उन्हाळ्यात त्या रस्त्याने गेलो तेव्हा मुद्दाम पुलापाशी उतरलो. चार पावसाळे झाले होते, पाटीचा निळा रंग फिका पडला होता, आकडे अर्धे उडाले होते. सही मात्र कालच केल्यासारखी लालभडक होती. मी प्रणालीला विचारलं. ती म्हणाली, दरवर्षी पाऊस सरला की बाबा येतात, आणि घरात पाय ठेवायच्या आधी नेलपेंटची बाटली मागतात.